बीपासून वाढवलेल्या संत्र्यावर घरी डोळा कसा बांधायचा?

तुम्ही विचारलंय: बी लावून कुंडीत वाढवलेलं संत्र्याचं झाड ४ वर्षांचं झालं, उंच झालं, अंगभर काटे आले, पण फुलाचा पत्ता नाही. ओळखीतल्या एका चांगल्या झाडाची काडी आणून दोनदा डोळा बांधलात, म्हणजे काडीवरचा डोळा सालीसकट काढून आपल्या झाडाच्या सालीत बसवलात, दोन्ही वेळा आठवड्याभरात तो काळा पडला. घरच्या घरी हे जमतं का, आणि खाली आंबट जातीचा खुंट (ज्यावर डोळा बांधतात ते मुळांचं झाड) असला तर वरचं फळ आंबट होतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, जमतं. तुमचा हात चुकला असं मला वाटत नाही, दिवस चुकला असावा. तुम्ही लिहिलंय की साल फार चिवट होती, सुरीच्या टोकाने खरवडून सोडवावी लागली. त्या एका वाक्यावरून सगळं लक्षात येतं. ज्या दिवशी साल खरवडावी लागते त्या दिवशी डोळा बांधायचाच नसतो.

मी पहिल्या वर्षी अगदी हेच केलं होतं. सुट्टी होती, निवांत वेळ होता, म्हणून बसले आणि ११ डोळे बांधले. एकही लागला नाही. पुढच्या वर्षी सुरी तीच, पट्टी तीच, हातही तितकाच कच्चा. फक्त यावेळी झाडाला नवती, म्हणजे नवी पालवी, फुटायची वाट पाहिली. ९ पैकी ७ लागले. तेव्हापासून मी आपली सवड बघत नाही, झाडाची बघते.

कारण असं. लाकूड आणि साल यांच्यामध्ये पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. झाड जोमात असतं तेव्हा या थरातल्या पेशी भराभर वाढत असतात, नव्या पेशींच्या भिंती अजून कोवळ्या असतात, म्हणून साल तिथून अलगद सुटते आणि आतलं लाकूड ओलं, गुळगुळीत दिसतं. डोळा लागतो तो याच थराच्या जोरावर. खुंटाचा ओला थर आणि डोळ्याच्या आतली बाजू एकमेकांना टेकली की मऊ पेशींचा भराव तयार होतो, फट बुजते, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्या भरावातून दोघांच्या रसवाहिन्या जुळतात. तोवर डोळा आपल्या अंगातल्या ओलाव्यावर तग धरून असतो. साल खरवडली की हा नाजूक थरच फाटतो. मग भराव येत नाही आणि डोळा तहानेने मरतो. तुम्ही काळा पडलेला पाहिलात तो तसाच मेला असणार.

तेव्हा आता काय बघायचं ते सांगते. फांद्यांच्या टोकांना नवी फिकट पालवी फुटून बोटभर झालेली असावी. हवा उबदार हवी, २० ते ३० अंशांच्या आसपास. १३ अंशांच्या खाली लिंबूवर्गातल्या झाडांची वाढ जवळजवळ थांबते, तेव्हा बांधलेला डोळा नुसता वाट बघत बसतो आणि बरेचदा सुकतो. कुंडीतल्या झाडाला आधीचे तीन-चार दिवस पाणी अजिबात कमी पडू देऊ नका, कारण तहानलेल्या झाडाची साल वाढीच्या दिवसांतही धरून बसते. मग नको असलेल्या एखाद्या फांदीवर लहानशी चीर द्या आणि कड नखाने उचलून बघा. ओलसरपणे सुटून आली तर त्याच दिवशी कामाला लागा. नाही सुटली तर सुरी ठेवून द्या आणि आठवड्याने पुन्हा बघा. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक यश तिच्यातच आहे.

आता झाडाला फूल का नाही ते. संत्रं, लिंबू, ग्रेपफ्रूट यांच्या बहुतेक जातींच्या एका बीमध्ये एकाहून जास्त गर्भ असतात. एकाच बीतून दोन-तीन रोपं वर आलेली तुम्ही पाहिलीही असतील. यातले जास्तीचे गर्भ आईच्याच पेशींपासून बनतात, परागाचा त्यांच्याशी संबंध नसतो, म्हणून ती रोपं गुणाने हुबेहूब आईसारखी निघतात. पपनस आणि महाळुंग यांचं तसं नाही, त्यांच्या बीत एकच संकरित गर्भ असतो. म्हणजे तुमचं झाड कदाचित मूळ फळाइतकंच चांगलं फळ देईलही. पण रोप आईसारखं असलं तरी आईच्या वयाचं नसतं. त्याला आपलं बालपण पुरं करावं लागतं. लांब काटे, सरळ वर धावणाऱ्या फांद्या आणि फुलाचा अभाव ही सगळी त्या बालपणाची लक्षणं आहेत. त्यात ६ ते १० वर्षं सहज जातात, कुंडीत आणि वरचेवर छाटलं तर आणखीही.

फळ देणाऱ्या झाडाचा डोळा ते बालपण ओलांडून आलेला असतो. तो दुसऱ्या झाडावर बसला तरी वयाने लहान होत नाही, म्हणून कलमाला साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फळ धरतं. हे लक्षात आलं की आणखी एक गोष्ट उघड होते: आपल्याच रोपाची काडी कापून आपल्याच रोपावर बांधून काहीही साधत नाही. काही जण ते करून बघतात आणि वर्षं घालवतात. काडी फळ धरलेल्या फांदीवरचीच हवी.

मला या विषयात सगळ्यात भावलेलं झाड कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावात आहे. नाभीच्या संत्र्याला बी नसते, त्यामुळे ते डोळ्यानेच पुढे जातं. १८७३ मध्ये एलायझा टिबेट्स यांच्याकडे या जातीची दोन झाडं अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनहून आली, मूळ जात ब्राझीलमधल्या बाहियाची. त्या दोघांचे डोळे काढून काढून तिथला सगळा नाभी संत्र्याचा व्यवसाय उभा राहिला. त्यातलं एक झाड आजही जिवंत आहे. विसाव्या शतकात त्याची मुळं रोगाने कुजू लागली, तेव्हा बुंध्याभोवती नवी रोपं लावून त्यांचे शेंडे खोडाच्या सालीत जोडण्यात आले. मुळं दुसऱ्यांची, वरचं झाड तेच.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. खुंट आणि कलम (वर बसवलेला डोळा आणि त्याची वाढ) यांच्या पेशी शेजारी शेजारी राहतात, मिसळत नाहीत. आंबट जातीच्या खुंटावर गोड संत्र्याचा डोळा बांधला तर वर येईल ते गोड संत्रंच. मात्र खुंट मुळांकडून किती पाणी आणि अन्न वर पाठवतो यावर झाडाचा आकार, सालीची जाडी आणि रसातली साखर थोडीफार बदलते. जंबेरी या आंबट लिंबाच्या खुंटावरचं झाड झपाट्याने वाढतं आणि फळ मोठं देतं, पण रस काहीसा पानचट होतो. ट्रायफोलिएट या तीन पानांच्या जुडीच्या खुंटावर वाढ सावकाश होते, फळ मात्र दाट गोडीचं येतं. जोडावरच दोन्ही जातींच्या पेशी एका फुटव्यात येऊन मिश्र झाड तयार होणं ही फार विरळा गोष्ट. फ्लॉरेन्समध्ये असं एक झाड निघालं होतं, अर्धं महाळुंग आणि अर्धं कडू संत्रं अशी फळं देणारं. त्याचं वर्णन १६७४ मध्ये प्रसिद्ध झालं. तुमच्या कुंडीत ते घडण्याची धास्ती बाळगू नका.

तुमचं चार वर्षांचं रोप स्वतःच खुंट म्हणून चालेल. त्याची एक उणीव सांगून ठेवते: गोड संत्र्याची मुळं पाणी साचलं की लवकर कुजतात आणि बुंध्यातून डिंक येऊ लागतो. म्हणून कुंडीचा निचरा चांगला ठेवा आणि जोड मातीपासून निदान वीतभर, २० सेंटीमीटर तरी वर घ्या. पुढे कुंडी बदलताना तो मातीखाली जाऊ देऊ नका. लिंबूवर्गात बहुतेक कुणावरही कुणी बसतं, पण काही जोड्या जमत नाहीत. युरेका लिंबू ट्रायफोलिएटवर किंवा त्याच्या कॅरिझोसारख्या संकरांवर सुरुवातीला छान वाढतं आणि काही वर्षांनी जोडापाशी बिनसून मरतं.

आता काडीबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. डोळा नीट बांधता न येणं हे नुकसान एका डोळ्यापुरतं असतं. रोगट झाडाचा डोळा नीट लागला तर नुकसान सगळ्या परिसराचं होतं.

लिंबूवर्गातले कितीतरी रोग वरून दिसत नाहीत आणि काडीतून जातात. ट्रिस्टेझा हा विषाणू १९३० च्या दशकात ब्राझील आणि अर्जेंटिनात पसरला, तेव्हा कडू संत्र्याच्या खुंटावरची लक्षावधी झाडं गेली. या पोर्तुगीज शब्दाचा अर्थच दुःख. मावा तो पसरवतो आणि कलमही पसरवतं. मायर लिंबू १९०८ मध्ये चीनमधून अमेरिकेत गेलं, घरोघरी लावलं गेलं, आणि पुढे कळलं की ती झाडं दिसायला ठणठणीत असूनही हा विषाणू अंगात बाळगून आहेत. शेवटी १९७५ मध्ये त्याची विषाणुमुक्त आवृत्ती द्यावी लागली. ग्रीनिंग हा जिवाणूमुळे होणारा रोग त्याहून वाईट. हा जिवाणू सालीतल्या अन्नवाहिन्यांत राहतो, सिट्रस सिला नावाची इवलीशी कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, लागण झाल्यावर लक्षणं दिसायला महिने, कधी वर्षंही लागतात आणि त्यावर इलाज नाही. फ्लोरिडात तो २००५ मध्ये सापडला. पुढच्या दोन दशकांत, मधल्या वादळांचाही फटका बसून, तिथलं संत्र्याचं उत्पादन ९० टक्क्यांहून अधिक घसरलं.

म्हणून शक्य असेल तिथे तपासलेल्या मातृवृक्षाची, प्रमाणित काडी मिळवा. कृषी विद्यापीठं आणि संशोधन केंद्रं ती देतात. अनेक प्रदेशांत लिंबूवर्गाच्या काड्या एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यावर कायद्याने बंदी असते, ती आधी विचारून घ्या आणि पाळा. प्रवासात आवडलेल्या झाडाची काडी पिशवीत घालून आणणं टाळा, कितीही मोह झाला तरी. ओळखीच्या झाडाचीच घ्यायची असेल तर ते झाड निदान काही वर्षं पाहिलेलं असावं, दरवर्षी चांगलं फळणारं, पानांवर वेडेवाकडे पिवळे डाग नसलेलं, ज्याच्या फांद्या एकेक करून वाळत नाहीत असं. तरीही खात्री शंभर टक्के होत नाही, हे मनात असू द्या.

झाड ठरलं की फांदी निवडायची. अगदी नवी कोवळी फूट तीन धारांची, चपटी आणि हिरवीगार असते, ती घेऊ नका, तिचा डोळा पोकळ जातो. तिच्या आधीच्या नवतीची फांदी घ्या, पेन्सिलीएवढी किंवा थोडी बारीक, गोल झालेली, हिरव्या सालीवर करड्या रेषा उमटू लागलेली. डोळे टपोरे पण न फुटलेले असावेत. सरळसोट वर गेलेला पानसोट सोडून द्या. फांदी कापल्या कापल्या पानं काढून टाका, पण प्रत्येक पानाचा देठ ठेवा. पानं राहिली तर तासाभरात काडीतलं पाणी उडवतात. देठ मात्र पुढे दोनदा कामाला येतो. लगेच बांधणार नसाल तर ओलसर फडक्यात गुंडाळून, पिशवीत घट्ट बांधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, दोन-तीन आठवडे काडी ताजी राहते. फडकं ओलसर असावं, पाणी टपकणारं नसावं, नाहीतर बुरशी येते.

सुरी धारदार आणि स्वच्छ. घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग अशा द्रावणात पातं बुडवा, मग स्वच्छ पाण्याने धुऊन पुसा. स्पिरिटने पुसणं पुरत नाही, कारण एक्झोकॉर्टिससारखे व्हायरॉइड (विषाणूहूनही लहान रोगकारक) त्याला दाद देत नाहीत आणि ते सुरीवरून एका झाडाचे दुसऱ्यात जातात. ब्लीचने पोलाद गंजतं, तेव्हा काम संपल्यावर पात्याला तेलाचा हात फिरवा.

तुमच्या झाडाचं खोड तळाशी आता अंगठ्याएवढं झालं असेल, तिथली जाड साल नवख्या हाताला अवघड जाते. त्यापेक्षा खालच्या भागातल्या दोन-तीन फांद्या निवडा, पेन्सिल ते करंगळीएवढ्या जाडीच्या, गुळगुळीत सालीच्या. काटे आणि पानं आजूबाजूने काढून जागा मोकळी करा. तिथे साधारण अडीच सेंटीमीटर लांबीची उभी चीर द्या, लाकूड लागेपर्यंतच, लाकडात शिरेपर्यंत नको. आता आडवी चीर, सेंटीमीटरभर. ती उभीच्या वरच्या टोकाला दिली की इंग्रजी टी अक्षर होतं, खालच्या टोकाला दिली की उलटा टी. पावसाळी हवेत मी उलटाच घेते, त्यात वरून ओघळणारं पाणी शिरत नाही. आडवी चीर देऊन झाल्यावर पातं जरासं पिळायचं, सालीचे दोन पाळे आपोआप उघडतात.

मग डोळा. काडीचा शेंडा स्वतःकडे धरा, डोळ्याच्या सेंटीमीटरभर खाली पातं टेकवून एका सरळ ओढीत डोळ्याखालून वर आणा. साधारण दोन सेंटीमीटरची ढालीसारखी चकती निघते, मध्ये डोळा आणि देठ. मागे लाकडाचा पातळ पापुद्रा राहिला तर राहू द्या, लिंबूवर्गात तो काढायची गरज नसते आणि काढायच्या नादात डोळ्याचं मूळच उपटलं जातं. कापलेल्या बाजूला बोट लावू नका. देठाला धरायचं, हा त्याचा पहिला उपयोग. चकती पाळ्यांमध्ये सरकवा, पूर्ण आत जाईपर्यंत. उलट्या टीमध्ये ती खालून वर जाते, साध्या टीमध्ये वरून खाली. दोन्हींत डोळ्याचं तोंड वरच असलं पाहिजे. ओळखायची खूण सोपी आहे, देठ नेहमी डोळ्याच्या खाली असतो. डोळा काडीपासून सुटल्यापासून सालीत बसेपर्यंत दहा-पंधरा सेकंदांहून जास्त जाऊ देऊ नका. आधी दुसऱ्या कुठल्याही झाडाच्या फांदीवर वीस-पंचवीस चकत्या काढून हात मोकळा केलात तर हे सहज साधतं.

पट्टी पॉलिथिनची, बोटभर रुंद, थोडी ताणली जाणारी. खालून सुरुवात करून कौलांसारखी एकावर एक चढवत वर न्या, डोळाही झाकून टाका. घट्ट हवी. माझे सुरुवातीला सुटलेले काही डोळे मी हलक्या हाताने बांधलेले होते. मग झाड सावलीत न्यायची गरज नाही, फक्त दुपारचं उन्ह थेट पट्टीवर पडू देऊ नका.

यानंतर दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही. तीन आठवडे झाल्यावर पट्टी सोडा आणि देठाला बोटाने हलकेच ढकला. पिवळा होऊन टपकन गळून पडला तर डोळा जिवंत आहे, त्याने पिकलं पान आपणहून टाकलं. सुकून तपकिरी झाला आणि चिकटूनच राहिला तर डोळा गेला. हा देठाचा दुसरा उपयोग. गेला असेल तर त्याच फांदीच्या दुसऱ्या बाजूला, साल सुटते आहे तोवर, लगेच दुसरा बांधा.

लागलेला डोळा लगेच फुटत नाही, कारण वरचा शेंडा त्याला दाबून ठेवत असतो. शेंडा एकदम छाटू नका. जोडाच्या पाच-सहा सेंटीमीटर वर, डोळ्याच्याच बाजूने, फांदी दोन-तृतीयांश कापा आणि उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यावर पलीकडे आडवी करा. अशाने शेंड्याचा दाब जातो पण त्याची पानं मुळांना पोसत राहतात. डोळ्याची फूट वीतभर झाली की आडवी फांदी काढून टाका. फूट काठीला सैल बांधून ठेवा, पहिल्या वर्षी जोड वाऱ्याने सहज निखळतो.

खुंटाची स्वतःची फूट या काळात जोरात येते. जोडाच्या खाली जे काही फुटेल ते कोवळं असतानाच बोटाने मोडून टाका, दर आठवड्याला न चुकता, पुढची कितीतरी वर्षं. कात्रीने कापलं तर बुडाशी डोळे राहतात आणि दोनाच्या जागी चार येतात. तुमच्या झाडात हे जास्त जपायला हवं, कारण खुंटही संत्रं आणि कलमही संत्रं, पानांत फरक दिसणार नाही. ट्रायफोलिएटच्या खुंटाची फूट निदान तीन पानांच्या जुडीवरून ओळखता येते. तुम्ही प्रत्येक जोडाच्या वर एक रंगीत दोरा सैल बांधून ठेवा. जास्त काटे आणि सरळ वाढ ही दुसरी खूण.

डोळा प्रौढ फांदीचा असल्याने पहिल्याच वर्षी त्याला फूल येऊ शकतं. चार वर्षं वाट पाहिल्यावर ते खुडायला जीव होणार नाही, तरी खुडा. फूट हातभर होऊन तिला दोन-तीन उपफांद्या येईपर्यंत फळ धरू देऊ नका. तुमच्या झाडाला सध्या नवती आहे का, आणि नखाने साल सुटते का, एवढं बघून कळवा, म्हणजे या हंगामात बांधायचं की थांबायचं ते सांगता येईल.